आधी बॉलचं होऊ दे

झिबल दिघोरे कुणाला राम राम करत नाही. समोर तलाठी येवो की ताक विकणारी म्हातारी, तो हातातली काठी बगलेत धरतो, मान तिरपी करतो आणि विचारतो, "बॉलचं काय झालं?"

नवखा माणूस गडबडतो. कुणाचा बॉल, कुठे गेला, कुणाची कौलं फुटली, असे सगळे प्रश्न त्याच्या तोंडावर दिसतात. सिहोऱ्याची माणसं मात्र सरावली आहेत. पोस्टमन सायकल न थांबवता सांगून जातो, "अजून काई नाई, झिबलभौ." तुमसरहून येणाऱ्या बसचा कंडक्टर दार उघडताच आपणहून कळवतो, "आजबी पेपरात नाई." एकदा दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याचा रक्तदाब मोजत होत्या. याच्या दंडाला पट्टा, त्यांच्या मुठीत तो फुगवायचा रबरी गोळा. याने विचारलं, "बॉलचं काय झालं?" बाई गोळ्याकडे पाहून म्हणाल्या, "चांगला आहे की. कुठे गळत नाही." झिबल म्हणतो, इतकं सरळ उत्तर त्याला आजवर कुणीच दिलं नव्हतं.

हा बॉल गोल्फचा. मोठमोठे खेळाडू आता तो फार लांब मारतात, इतका लांब की मैदानं अपुरी पडू लागली आहेत. तेव्हा बॉल आणि काठी यांना नियमाने वेसण घालावी की नाही, असा वाद जगात जिथे जिथे गोल्फ खेळतात तिथे चालू आहे. भंडारा जिल्ह्यात तो एकट्या झिबलने चालू ठेवला आहे.

या माणसाची ओळख करून द्यायला मी पूर्वीच बसायला हवं होतं. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर एक जुना खोटा आकडा दुरुस्त करावा लागतो, आणि तो खोटेपणा माझा आहे. म्हणून इतकी वर्षं टाळलं. आता टाळत नाही.

मी वामन चोपकर. मोजणी खात्यात साखळी ओढण्यापासून सुरुवात केली आणि भूमापक होऊन निवृत्त झालो. गाव मला मोजणीसाहेब म्हणतं. झिबल नुसतं "सायेब" म्हणतो. आम्ही एका वयाचे. पोरपणी मी त्याला झिबल्या म्हणायचो, तो मला वामन्या. माझ्या बापाचं किराणा दुकान बाजारात, त्याच्या बापाचं मासे धरायचं डोंगं तलावात. घरं गावाच्या वेगळ्या टोलीत, पण खेळायचं मैदान एकच: उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरकलं की मोकळी पडणारी कोरडी जमीन.

झिबल विशीत गाव सोडून गेला. नागपूरजवळच्या एका छावणीत गोल्फचं मैदान होतं, तिथे गवत कापायला लागला आणि चाळीसेक वर्षं कापतच राहिला. परतला तेव्हा सोबत बायको सेवंता, कापडी पिशवीभर हरवलेले-सापडलेले बॉल आणि लाकडी डोक्याची एक जुनी काठी. ती एका म्हाताऱ्या कप्तानाने त्याला दिलेली. वर्षभरात सेवंता गेली. पोरगी लाखांदूरला दिलेली. ती दर पंधरवड्याला फोन करते, बाबा, इकडे या. हा सांगतो, "येतो ना बाई. आधी बॉलचं होऊ दे."

हे त्याचं दुसरं वाक्य. पहिलं विचारायचं, दुसरं टाळायचं. घराची कौलं फेरायची? आधी बॉलचं होऊ दे. डोळ्याचा मोतीबिंदू? आधी बॉलचं होऊ दे.

झिबलचं म्हणणं काय आहे, ते त्याच्याच शब्दांत ऐकायला सकाळी बसस्टँडवरच्या टपरीत बसावं. "पयले काठीचं डोकं लाकडाचं राहे. भरीव. आता पत्र्याचं, आन् आतून पोकळ. डोकं पोकळ झालं का माणूस लांब लांब फेकतेच." इथे टपरीतले सगळे गावातल्या एका पुढाऱ्याच्या घराकडे पाहतात, आणि झिबल त्यांना पाहू देतो. "आन् बॉलच्या पोटात रबराचे पापुद्रे. माणूस तोच, दंड तेच. बॉल पिसाळला. मंग मैदानवाले काय करतेत? झाडं तोडतेत, सुरुवातीची जागा मागं नेतेत, अजून जमीन घेतेत, अजून गवत लावतेत. त्या गवताले पाणी कोण पाजते?" हा "कोण पाजते" तो अशा आवाजात विचारतो की चार-दोन शेतकरी नकळत आपल्या धानाच्या बांधीकडे बघतात.

कंडक्टर विरुद्ध पक्षाचा. तो म्हणाला, "झिबलभौ, लांब मारते म्हून तं लोक पाह्यतेत. उद्या तुमी म्हणसान का सिक्सर बाउंड्रीच्या अलीकडंच पाडा."

"तुह्या बसले स्पीडचं कुलूप काहून लावलं?"

"अपघात होते म्हून."

"इंजिन पळत नाई म्हून तं नाई ना? रस्ता तेवढाच हाय म्हून. बस."

कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी हलवली. झिबल जिंकला असं टपरीने मानलं. पण तो थांबणारा नव्हे. त्याने तलावाचा दाखला काढला. ढिवरांच्या मासेमारी सोसायटीत बारीक भोकाचं जाळं टाकायला मनाई आहे. "मासा धरता येत नाई म्हून मनाई हाय काय? लई धरता येते. तलाव पुरला पायजे म्हून मनाई. भोक केवढं पायजे? चार बोटं. तीन बोटं केलं तं दोन वर्सात तलाव रिकामा. एका बोटाचा फरक."

मी मुद्दाम उलट बोलायचो. जो माणूस दंड कमावतो, रोज घाम गाळतो, त्याने लांब मारलं तर त्याच्या पायात खोडा कशाला? झिबल म्हणायचा, "दंडाले मी कवा ना म्हटलं, सायेब? मी बॉलले म्हणून राह्यलो."

एकदा त्याने गावाला प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पन्नास माणसं जमवली. पहिला जुना बॉल मारला, तो कोरड्या भागात पडला. दुसरा नवा मारला, तो पाणी ओलांडून पलीकडे कुणाच्या तुरीत गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. झिबल चिडला. टाळ्या पिटायच्या नव्हत्या, घाबरायचं होतं. बॉलच्या पोटाचा फरक समजावा म्हणून तिसऱ्या वेळी त्याने बेलफळ ठेवलं आणि सगळी ताकद लावून मारलं. बेलफळ जागीच फुटलं. काठीचं डोकं मात्र सुटलं आणि सगळ्यांत लांब जाऊन तलावात पडलं. त्याच्या पुतण्यांनी दोन तास जाळी टाकली तेव्हा ते मिळालं. तेव्हापासून काठीचं डोकं सुतळीने बांधलेलं असतं आणि झिबल तिने फक्त मोजतो. घर ते टपरी दोनशे आठ काठ्या. टपरी ते दवाखाना तीनशे बारा. मी आयुष्यभर मीटरमध्ये नकाशे काढले, पण सिहोऱ्यात अंतर विचारलं तर लोक काठ्याच सांगतात.

आता तो आकडा.

पुस्तकात ज्याला विटी-दांडू म्हणतात त्याला आम्ही गिल्ली-दांडू म्हणतो. एक गुच्ची खणायची, गिल्ली उडवायची, दांडूने हाणायची. किती लांब गेली ते गुच्चीपासून मोजायचं. आमच्या गावाचे दोन नियम होते. एक, ज्या दांडूने मारलं त्याच दांडूने मोजायचं. दोन, मोजायचं समोरच्या गड्याने, म्हणजे नंतर भांडण नको. या पहिल्या नियमात गंमत आहे. दांडू लांब घेतला तर गिल्ली लांब जाते, पण मोजताना तोच लांब दांडू कमी भरतो. आखूड घेतला तर आकडा वाढतो, पण गिल्ली पोचत नाही. ज्याला जेवढा झेपतो तेवढाच दांडू त्याने घ्यावा, बाकी कुणी काही सांगायची गरज नाही.

आम्ही विशीत होतो तेव्हा तलावाची हद्द मोजायला खात्याचे एक साहेब आले. साखळी ओढायला त्यांना एक कायमचा माणूस हवा होता. संध्याकाळी त्यांनी आमचा खेळ पाहिला आणि गमतीने म्हणाले, ज्याची गिल्ली जास्त भरेल त्याला साखळीवर घेतो. गमतीने म्हणाले, पण खरंच घेणार होते. दोन दिवसांनी होळी होती, होळीच्या सकाळी सामना ठरला. उरलो शेवटी झिबल आणि मी.

झिबलने मारली. त्याचा दांडू बरोबर एक हात. मी मोजलं: एकशे चाळीस. इतकं त्याआधी गावात कुणी मारलं नव्हतं.

मी आदल्या दिवशी बाभळीच्या एकाच फांदीतून दोन दांडू तासले होते. एक हातभर. दुसरा हात आणि वर चार बोटं. हातभराचा दांडू पाण्याच्या कडेला बेशरमच्या झुडपात लपवला. लांब दांडूने मारलं. गिल्ली झिबलच्या पुढे गेली आणि सगळं गाव ओरडत तिच्यामागे धावलं. त्या वेळात मी लांब दांडू झुडपात टाकला आणि आखूड उचलला. झिबल धावत परत आला, मोजायला हात पुढे केला, मी तो दांडू त्याच्या हातात दिला. त्याने वाकून वाकून मोजलं. एकशे एक्कावन्न.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गावाने गिल्ली पडली तिथे दगड रोवला आणि चुन्याने आकडा लिहिला. पावसाळ्यात तो दगड पाण्याखाली जातो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी डोकं दिसतं, मग आकडा. दरवर्षी कुणीतरी नवा चुना मारतं. मी बत्तीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी काढल्या, वीतभर इकडेतिकडे होऊ दिली नाही, आणि दर उन्हाळ्यात गावी आलो की तो दगड माझी वाट पाहत असायचा. खरं म्हणजे दगड खराच आहे. गिल्ली पडली तिथेच पडली. खोटा आहे तो त्यावरचा आकडा. हात चोवीस बोटांचा धरला आणि चार बोटं लांब दांडूने मोजलं तर तेच अंतर एकशे एकोणतीस भरतं. हे मी किती वेळा कागदावर करून पाहिलं ते सांगत नाही. एकशे चाळीस विरुद्ध एकशे एकोणतीस. साखळी झिबलची होती.

तो त्याच पंधरवड्यात गाव सोडून गेला. जाताना मला भेटला नाही.

सेवंता गेली तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. जाताना ठरवलं होतं, आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे, मग सांगून टाकायचं. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. रोज संध्याकाळी पाळीवर बसू लागलो. नवव्या दिवशी मी घसा साफ केला आणि म्हणालो, "झिबल, ते आपल्या होळीच्या सामन्याचं..."

"थांब सायेब," तो म्हणाला. "आधी बॉलचं ऐक." आणि त्याने मला पहिल्यांदा पिसाळलेल्या बॉलची हकिगत सांगितली. अंधार पडेपर्यंत सांगितली.

त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत मी किती वेळा घसा साफ केला असेल. एकदा आम्ही दोघे डोळे दाखवायला साकोलीला गेलो. एसटीत खिडकीशी तो, शेजारी मी, दोन तास सुटका नाही. मनात म्हटलं, आता कुठे जाईल? मी तोंड उघडलं आणि याने मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसाकडे वळून विचारलं, "तुमी सांगा, बॉल आवरला पायजे का नाई?" तो माणूस बैलबाजाराला चालला होता. त्याने विचार करून सांगितलं की बैल आवरता येतो, बॉलचं त्याला माहीत नाही. साकोली येईस्तोवर ते दोघेच बोलत होते.

मग पत्राची वेळ आली. झिबलला सुचलं की जगातला हा तंटा आपल्या गावच्या नियमाने मिटतो. ज्या काठीने मारलं त्याच काठीने मोजा. बस. या कल्पनेने तो इतका पेटला की सकाळी सहाला माझं दार ठोठावलं, पायात एकच चप्पल. माझं अक्षर बरं म्हणून लिहायला मला बसवलं. तो अंगणात येरझाऱ्या घालत सांगत होता, मी लिहीत होतो. मजकूर मराठीतच, विलायतेतल्या साहेबांना मराठी येत नसेल तर तो त्यांचा प्रश्न.

"दाखला लिहा," तो म्हणाला. "आमच्या गावचे वामन चोपकर यायनं ह्याच नियमानं एकशे एक्कावन्न मारली."

माझा पेन थांबला. मी म्हणालो, "झिबल, हे नको लिहाले लावू. त्या एकशे एक्कावन्नचं मले काईतरी..."

"आधी बॉलचं होऊ दे, सायेब. लिहा."

मी लिहिलं. विलायतेतल्या साहेबांसमोर माझी खोटी साक्ष माझ्याच अक्षरात गेली. पाकिटावर पत्ता: गोल्फचे नियम करणारे साहेब, मुक्काम विलायत. पोस्टमास्तर म्हणाले, एवढ्यावर जाणार नाही. झिबलने विचारलं, "गोल्फवाले सायेब विलायतेत कोणाले मालूम नाई?" पोस्टमास्तर भला माणूस, त्यांनी आपल्या मोबाईलवर कुठूनसा पत्ता शोधून चिकटवला. उत्तर आलं नाही. झिबलचं मत पडलं की साहेब लोक विचार करत असतील.

आणि या उन्हाळ्यात एका सकाळी तुमसरची बस स्टँडवर थांबण्याआधीच कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत पेपर हलवताना दिसला. "झिबलभौ, झालं. बॉलचं झालं."

बातमी आतल्या पानावर, दोन बोटांची. कंडक्टरने ती मोठ्याने वाचली. नियम करणाऱ्यांचं ठरलं आहे की येत्या काही वर्षांत बॉल आतापेक्षा थोडा कमी लांब जाईल असा करायचा. काही बडे खेळाडू आणि बॉल बनवणारे नाराज आहेत, वाद चालूच आहे. झिबलने तो "वाद चालूच आहे" ऐकलाच नाही. त्याने कंडक्टरला मिठी मारली. टपरीवाल्याला सांगितलं, बसमधल्या सगळ्यांना आलुबोंडे. बस वीस मिनिटं थांबली. ड्रायव्हरने दोन खाल्ले. ज्यांना सिहोऱ्यात उतरायचं नव्हतं तेही उतरले आणि गोल्फच्या बाजूने बोलू लागले. पोस्टमन आला तेव्हा झिबलने त्याला विचारायचीही वाट पाहिली नाही. "पत्र पोचलं," तो म्हणाला. "आपलं पत्र वाचलं त्यायनं."

गर्दीतला एक जण म्हणाला, "पण थोडासाच तं कमी जाईन म्हणते. दहा-पंधरा पावलं. एवढ्याशानं काय फरक पडते?"

झिबलने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातला आलुबोंडा तसाच धरून.

"चार बोटांनीबी लई फरक पडते," तो म्हणाला.

मी माझा आलुबोंडा खाली ठेवला.

संध्याकाळी पाळीवर गेलो. वाटलं होतं, हा अजून नाचत असेल. तो बसून होता. समोर पाणी उतरलं होतं आणि दगड पुरता बाहेर आला होता, आकड्यासकट. आठ वर्षांत पहिल्यांदा मी बसलो तरी त्याने मला काही विचारलं नाही.

"झिबल, आता बॉलचं झालं," मी म्हणालो.

"हो."

"मंग आता माह्यं ऐक."

"काठीची सुतळी ढिली झाली वाट्टे," तो म्हणाला आणि गाठ चाचपू लागला. पण थांब म्हणाला नाही. त्याच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

मी सांगितलं. दोन दांडू, चार बोटं, बेशरमचं झुडूप, एकशे एकोणतीस. साखळी तुझी होती, हेही सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबलो असतो तर पुन्हा आठ वर्षं गेली असती.

त्याने गाठ बांधली. ओढून पाहिली.

"दांडू थंडा होता," तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"होळीचं ऊन. तुह्या हातातून दांडू घेतला मी मोजाले. थंडागार. बुडाले चिखल. मारलेला दांडू थंडा नसते, वामन्या. हातातली गरमी राह्यते त्यात."

पन्नास वर्षांनी तो मला वामन्या म्हणाला.

"मंग तवाच काहून नाई बोलला?"

"कोणाले सांगू? मोजणारा मीच. हारणाराबी मीच. लोक म्हणले असते, हारला म्हून बोलते." त्याने गाठ पुन्हा ओढून पाहिली. "लई राग होता. छावणीत पयली दोन वर्सं गवत कापताना तुहीच मुंडी दिसे. मंग बॉल दिसाले लागला. तुही साखळी वढत बसलो असतो तं मले गोल्फ कोणं दाखोला असता? तेबी खरंच हाय."

"आन् हे आठ वर्सं? मी सांगाले तोंड उघडलं का तू बॉल काढे."

"मालूम हाय."

"मालूम हाय म्हणजे? मुद्दाम?"

तो दगडाकडे पाहत होता. मग अंतर सांगावं तितक्या सरळ आवाजात बोलला.

"सेवंता गेली तवा तू आला. दुसऱ्या दिवशी आला. मंग रोज आला. तुह्या पोटात ते अडकलं होतं म्हून येत होता, मले काय समजत नाई? म्हटलं, याचं सांगून झालं का हा मोकळा. मंग संध्याकाळी इकडं कायले येशीन तू?"

पाळीवरून शेळ्या घरी चालल्या होत्या. आठ वर्षं मला वाटत होतं, मी या एकट्या म्हाताऱ्यावर उपकार करतो आहे, त्याचं खूळ ऐकून घेतो आहे. ते खूळ त्याने माझ्यासाठी रोज नवं करून आणलं होतं. बोलायचं संपू नये म्हणून जगभरचा वाद गोळा करत होता तो.

मी त्याच्या हातातली काठी घेतली. डोक्यावर टिचकी मारली. भरीव लाकडाचा आवाज आला.

"बॉलचं झालं," मी म्हणालो. "पण काठीचं काय?"

"काठीचं काय?"

"हे जुनं डोकं भरीव. नवी काठी तं पोकळच हाय ना अजून? काठी तशीच ठेवली आन् नुसता बॉल आवरला, तं ते पोकळ डोकं काय गप बसन?"

झिबलने मान तिरपी केली. सकाळपासून हरवलेलं काहीतरी त्याच्या तोंडावर परत आलं. त्याने काठी माझ्या हातातून ओढून घेतली. "तेच तं मी म्हणून राह्यलो ना, सायेब," तो म्हणाला, जरी तो काहीच म्हणत नव्हता. "पयले पत्रा कोणता ते पाहा..."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून माझ्या दगडावरचा आकडा विटेने घासला आणि १२९ लिहिलं. मग झिबलने आपली गिल्ली पडली होती ती जागा दाखवली. त्याला ती वीतभरही चुकली नाही. तिथे दुसरा दगड रोवला आणि त्यावर १४० लिहिलं. टपरीत मी सगळ्यांसमोर काय झालं ते सांगितलं. मग कंडक्टर म्हणाला, "मोजणीसाहेब, माह्या बापाच्या शेताची हद्द तुमीच काढली होती." ती पुन्हा मोजून द्यायचं मी कबूल केलं आहे.

आता तलावावरून येणारा-जाणारा थांबून विचारतो, जवळच्या दगडावर जास्त आकडा आणि लांबच्यावर कमी, हे कसं? झिबल त्याला बसवतो आणि पहिल्यापासून सांगतो. माझं नाव घेताना आवाज बारीक करतो, जणू मी तिथे नाहीच.

हे सगळं लिहून छापायला देऊ का, असं मी त्याला विचारलं. गावाबाहेरच्यांनाही कळू दे की एकशे एक्कावन्न खोटं होतं. तो म्हणाला, "दे ना. घाई काय हाय? आधी काठीचं होऊ दे."

या वेळी मी थांबलो नाही. लिहून टाकलं. पोटात आता काही अडकलेलं नाही. ऊन उतरलं की पाळीवर जायचं आहे, काल पोकळ डोक्याचं अर्धवट राहिलं आहे.